टेलरबाईंचा हात, माझा पाय

टेलरबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्या उजव्या पायाबद्दल लिहायला हवं. खरा गुन्हेगार तोच. म्हणजे मीच; पण पायावर ढकललं की लिहायला जरा सोपं जातं.

आम्ही चौघं एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासायच्या कामाला होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजेची नोकरी! मजा पहिले दोन दिवस असते. कंपनी घरगुती खेळ बनवायची. टीव्हीसमोर चौघांनी बसायचं, प्रत्येकाच्या हातात एक कंट्रोलर, आणि मिनिट-दीड मिनिटाचे छोटे छोटे खेळ खेळत सुटायचं. दर वर्षी नवा भाग निघायचा आणि त्यात साठ-सत्तर नवे खेळ असायचे. कुठे सगळे एकमेकांच्या विरुद्ध, कुठे दोघं विरुद्ध दोघं, आणि काही खेळ एकाविरुद्ध तिघांचे. प्रत्येक खेळ बाजारात जाण्याआधी आठवड्याला शंभर डाव खेळून कोण किती वेळा जिंकतं ते पाहायचं, हे आमचं काम. त्यासाठी कंपनीला जन्मात कंट्रोलर न धरलेली साधी माणसं हवी होती. त्या बाबतीत आमच्यात कुणीच कमी नव्हतं.

मी वीस वर्षं टायपिस्ट होते. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, साहेब लोक स्वतःच टाइप करायला लागले, तशी मी घरी बसले. दुसरे तारकाका. हे तारखात्यातून निवृत्त झालेले, बारीक, टापटीप, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘आमच्या वेळी’ म्हणणारे. तिसरा बेकरीवाला. त्याची बेकरी भावाने लाटली होती, पण माणूस हसरा. आणि चौथ्या टेलरबाई.

बाईंचं वय बासष्ट. नवऱ्याकडून शिवण शिकल्या, तो गेल्यावर दुकान एकटीने तीस वर्षं चालवलं. कोट, शाळेचे गणवेश, पडदे, जे येईल ते. लोक तयार कपडे घ्यायला लागले तेव्हा मुलाने दुकान बंद केलं, पण त्यांचं पायाने चालवायचं मशीन घरात खिडकीपाशी ठेवलं. रोज सकाळी त्यावर काहीतरी शिवल्याशिवाय त्या कामाला येत नसत. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला, दोन्ही हात पाठीमागे नेले, आमच्याशी बोलता बोलता दोरा ओवला आणि सुई पुढे आणून दाखवली. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मनात म्हटलं, कौतुक करून घ्यायची भारी हौस दिसते.

मी हे असं मनात म्हणणारी बाई आहे. आधीच सांगितलेलं बरं.

आमची खोली एका टायरच्या दुकानाच्या वर होती. खिडकीला काळा कागद, जमीन लाकडी फळ्यांची, आणि दिवसभर रबराचा वास. आम्हाला दिलेला खेळ एकाविरुद्ध तिघांचा होता. टीव्हीवर एक अंधारं स्वयंपाकघर. तिघं उंदीर, आणि एक घरमालकीण, हातात दिवा घेतलेली. टेबलावर एक मोठा पाव. दीड मिनिटात उंदरांनी तो ओढत बिळात न्यायचा, आणि मालकिणीने दिव्याचा उजेड फिरवून उंदीर पकडायचे. उजेड अंगावर पडला की उंदीर बाद. खुबी अशी की तिघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरच पाव हलायचा. अंधारात कोण कुठे आहे ते कुणालाच दिसायचं नाही. पावाला तोंड लागलं की फक्त आपल्या हातातला कंट्रोलर थरथरायचा. पहिल्या दिवशी बेकरीवाला पाव बघून वैतागला. म्हणाला, “असा कडक पाव भाजला असता तर वडिलांनी मलाच भट्टीत घातलं असतं.”

आमची सुपरवायझर माझ्या भाचीच्या वयाची होती. जाड चष्मा, कानांवर मोठे हेडफोन, कारण ती मागे बसून खेळातले आवाज तपासायची. तिने दोन नियम घालून दिले. पहिला, तिघांनी आपसांत बोलायचं नाही. “घरी लोक ओरडतीलच,” ती म्हणाली, “पण ओरडून किती जमतं ते दुसरी टोळी मोजतेय. तुम्ही न बोलता मोजायचं.” दुसरा नियम तिने पहिल्या आठवड्यानंतर घातला. त्या आठवड्यात आम्ही आळीपाळीने दिवा धरला होता आणि बाईंच्या हातात दिवा आला की उंदरांची धडगत नसायची. तेव्हा ती म्हणाली, “यापुढे दिवा टेलरबाईंकडेच. त्यांचा हात एकसारखा चालतो. तुमचा हात म्हणजे माझी मापाची टेप, बाई. हात तोच राहिला की खेळात काय बदलायचं ते मला कळेल.”

बाई लाजल्या. संध्याकाळी जिना उतरताना मला म्हणाल्या, “टेप म्हणाली गं मला.” दोन मजले उतरेपर्यंत तीनदा म्हणाल्या.

दिवा धरणाऱ्याची खुर्ची पुढे, टीव्हीजवळ होती. आम्ही तिघं मागच्या बाकावर, सुपरवायझर आमच्याही मागे. बाईंची फक्त पाठ दिसायची. कापड सुईखालून सरकवावं तसा त्यांचा अंगठा हलायचा, न थांबता, न धसका घेता. उजेड टेबलाच्या कडेकडेने जायचा आणि नेमका माझ्या शेपटीवर पडायचा. मग बाई न वळता म्हणायच्या, “अरेरे, सापडलं गं बिचारं!” शंभरातले ऐंशी डाव त्या जिंकायच्या. ऐंशी वेळा ‘बिचारं’ ऐकून बघा. वीस वर्षं ज्या बोटांच्या वेगाबद्दल साहेबांनी मला शाबासकी दिली होती, ती बोटं त्या बाईपुढे मुकाट बसायची. मला ते सहन होईना.

दुसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळी बाई हात धुवायला गेल्या होत्या. तारकाका म्हणाले, “आमच्या वेळी दोनशे कोस लांबच्या माणसाला न बोलता निरोप द्यायचो. टक-टक. इथे हातभर अंतरावर जमत नाही.”

मी म्हटलं, “मग वाजवा की पायाने.”

मीच म्हटलं. काकांना सुचलं नव्हतं, बेकरीवाला तर बिस्किट बुडवत होता. एक टक म्हणजे मी पावापाशी आहे. तिघांचे तीन टक झाले की काका लगोलग दोन ठोके देणार, टक-टक, त्या दुसऱ्यावर बटण. मी सगळं ठरवून दिलं आणि वर म्हटलं, “दोन-चार दिवसच. शनिवारी सांगून टाकू, बाई हसून हसून लोळतील.” गंमत होती. विषाची परीक्षा बघायची नसते हे मला काय ठाऊक नव्हतं?

त्या दुपारी पहिल्याच डावात पाव बिळात गेला. मग पुन्हा गेला. बाई म्हणाल्या, “वा! शिकले की उंदीर!” आणि मनापासून हसल्या. आमच्या जोड्यांचा आवाज खेळातल्या भांड्यांच्या खणखणाटात मिसळून जायचा, आणि सुपरवायझरच्या कानांवर तर झाकणंच होती.

शनिवारी सांगायचं होतं. पण शनिवारी सकाळी सुपरवायझर कागद नाचवत आली. “अर्धेअर्धे! बरोबर पन्नासाला पन्नास! एकाविरुद्ध तिघांचा खेळ इतका छान जुळलेला मी पाहिला नव्हता.” तिने आम्हाला केक खाऊ घातला. आता केक तोंडात असताना कसं सांगणार? आठवड्याचं काम वाया गेलं असतं, तिला वरच्यांची बोलणी बसली असती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि केक गिळला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आम्ही तिघांनी मिळून प्यायलो.

पुढे पाय थांबेनात. सवय झाली, चपळाई आली. तिसऱ्या आठवड्यात बाई शंभरातले तीस जिंकल्या, चौथ्यात वीस. सुपरवायझरने दिव्याचा उजेड मोठा केला. आम्ही आणखी ठोके वाढवले: पाव डावीकडून ओढायचा असेल तर पाय एकदा लांब घासायचा, उजवीकडून असेल तर दोनदा. तिने उजेड आणखी मोठा केला. तरी पाव जायचाच. बाईंनी ‘बिचारं’ म्हणणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. त्या खुर्चीच्या टोकाशी येऊन बसायला लागल्या, मान पुढे काढून. मागून त्यांच्या खांद्यांची हाडं दिसायची.

एक दिवस चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, “तुम्हाला कुणाला मशीनचा आवाज येतो का हो?”

“कसल्या मशीनचा?” तारकाकांनी विचारलं. त्यांनी दोन्ही पाय जवळ ओढून घेतले होते.

“माझ्या शिवणाच्या मशीनचा. पेडल मारल्यासारखा. टक, टक, टक-टक. खेळायला बसलं की येतो. घरी गेल्यावरही कधीकधी येतो.” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला येतो का गं? तुझे कान तरुण.”

मी म्हटलं, “नाही हो बाई. कानात वारं शिरलं असेल.”

इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना माझी बोटं कीबोर्डवर अडखळतात. पायाने केलं ते चहाटळपणात गेलं असतं. पण हे मी तोंडाने केलं, त्यांच्या डोळ्यांत बघून, आणि वर हसले. त्याही हसल्या. म्हणाल्या, “वारंच असेल.”

त्या दिवसानंतर बेकरीवाल्याने पाय वाजवणं सोडलं. जिन्यात मला म्हणाला, “मला नाही बरं वाटत हे. सांगून टाकू या.” मी त्याला म्हटलं, “तू सांग. मग नोकरी कुणाची जाते ते बघू.” तो जिना उतरून गेला. माझे आणि काकांचे पाय पुरेसे होते. हातातला कंट्रोलर थरथरला की तो नुसता काकांच्या ठोक्यावर बटण दाबायचा.

मग सुपरवायझरने बाईंना बाजूला घेतलं. ती पोर वाईट नव्हती. अगदी हळू बोलली, पण फळ्यांच्या खोलीत हळू बोललेलंही ऐकू येतं. “बाई, दिवा तीनदा मोठा केला मी. आता दोष दिव्याचा नाही. तुमचा हात जरा मंदावलाय का? डोळे तपासून घेता का एकदा? आणि ते आवाजाचं म्हणत होता ना... घरी सांगा कुणाला तरी.”

बाईंनी मान हलवली. खुर्चीत येऊन बसल्या आणि उरलेले अकरा डाव खेळल्या. आम्ही त्या अकरा डावांत पाय वाजवले नाहीत. पण बाईंचा अंगठाच हलत नव्हता. अकराही हरल्या. बूंद से गयी वो हौद से नहीं आती, म्हणतात ना, तसं झालं.

त्यांना कुणी काढलं नाही. गुरुवारी त्या स्वतःच राजीनाम्याचा कागद देऊन आल्या. जाताना आम्हा तिघांसाठी कापडी रुमाल आणले होते, कडा हातशिवणीच्या. टाके वाकडे पडले म्हणून माफी मागितली. वाकडे मुळीच नव्हते. मला त्यांनी आणखी एक वस्तू दिली: शिवताना बोटात घालायची पितळी टोपी, आतून घासून गुळगुळीत झालेली. “तुझी बोटं अजून चालतात,” म्हणाल्या, “मला आता कशाला? मशीनही देऊन टाकतोय शिवणक्लासवाल्यांना. सुईखाली बोट गेलं तर काय करायचं? सूनबाई घाबरते.”

मी ती टोपी घेतली. हात पुढे केला आणि घेतली.

त्यानंतर कामावर माझं मन लागेना. दुसऱ्या भागाचं काम सुरू व्हायच्या आत मी सोडलं. तारकाकांना एकदा फोन केला, म्हटलं, जाऊन सांगू या. ते म्हणाले, “अगं, खेळच तर होता.” पुन्हा फोन केला नाही. टोपी मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. साडी काढताना ती घरंगळून फळीवर पडायची आणि टक असा आवाज यायचा. खाई त्याला खवखवे.

पुढच्या वर्षी तो भाग बाजारात आला. बहिणीच्या मुलांनी आणला. एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले, तर पोरं तेच स्वयंपाकघर, तोच पाव खेळत होती. उजेडाचं गोल केवढं! अर्धं टेबल झाकणारं. दिवा ज्याच्या हातात तो दहा सेकंदांत तिन्ही उंदीर गारद करत होता. भाची वैतागून म्हणाली, “मावशी, तू काम करायचीस ना तिथे? हा खेळ कुणी तपासला गं? यात एकटा कधी हरतच नाही!”

मी पाणी प्यायला आत गेले. आमच्या दोन पायांनी तो दिवा एवढा मोठा केला होता. बाईंच्या हातात तर पहिला, लहान दिवाच पुरेसा होता.

त्याच दुपारी टोपी पर्समध्ये घालून मी बाईंच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं आणि बोट ओठांवर ठेवून म्हणाली, “आई खेळतायत.” आत त्यांची तीन नातवंडं जमिनीवर आणि बाई सोफ्यावर, हातात कंट्रोलर. तेच स्वयंपाकघर. बाईंचा अंगठा जेमतेम हलत होता, पण दिवा एवढा मोठा की हलवायची गरजच नव्हती. एकेक करत तिन्ही उंदीर पकडले गेले. पोरं ओरडली, “आजी जिंकली! पुन्हा आजी जिंकली!”

मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. तेच मला जास्त लागलं. “ये गं, बस. बघितलंस? ओळीने नऊ डाव जिंकले.” मग पोरं खाऊ आणायला स्वयंपाकघरात पळाली तशा त्या माझ्या कानाशी झुकल्या. “मुद्दाम हरतात माझ्यासाठी. सूनबाईने सांगितलं असणार, आजीला जिंकू द्या म्हणून. मला कळतं गं. पण मी कळल्याचं दाखवत नाही. पोरांचा विरस होतो.”

खिडकीपाशी मशीनची जागा रिकामी होती. जमिनीवर चार पायांचे चार ठसे होते आणि मधे एक कुंडी ठेवली होती.

मी म्हटलं, “बाई, पोरं मुद्दाम हरत नाहीत. दिवाच मोठा आहे.”

“असेल. पण तिथेही तो मोठा केला होता की. तेव्हा मी हरायचेच ना?”

मला वाटलं होतं, मी रडेन, पाय धरेन, काहीतरी बोलेन. घरून निघताना वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी बसल्या जागी उजवा पाय उचलला आणि त्यांच्या फरशीवर वाजवला. टक. टक. टक. मग काकांचे दोन. टक-टक.

बाईंनी झटकन मान वर केली. “हाच! हाच आवाज! तुलाही...” आणि तिथेच थांबल्या. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरत उतरत माझ्या चपलेवर आली, आणि तिथेच राहिली.

“आम्ही तिघं,” मी म्हटलं. “पायाने खुणा करायचो. कल्पना माझी होती. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं बाई. कानालाही नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ऐकू येत होतं. मी खोटं बोलले.”

आतून पोरांचं डब्यावरून भांडण ऐकू येत होतं. मी पर्समधून टोपी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

“कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं मला मुलाने,” त्या म्हणाल्या. “मग डोक्याच्या. गोळ्या देत होते. झोप यायची नुसती. मशीन घेऊन गेले त्या दिवशी मी झोपलेच होते. उठून बघते तर खिडकीतून जास्त उजेड येत होता.”

“बाई, मला...”

“गप्प बस.”

त्यांनी मला एकदाही असं म्हटलं नव्हतं. त्या उठल्या, कपाटाशी गेल्या, वरच्या कप्प्यातून एक डबी काढली. सुई आणि पांढरा दोरा. परत येऊन माझ्यासमोर ताठ बसल्या, दोरा ओठांत ओला केला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. पूर्वीसारखे. डोळे मात्र माझ्यावर. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. इतके दिवस त्यांची पाठ माझ्याकडे असायची.

खांदे हलत होते. एकदा थांबले. पुन्हा हलले. सुई खाली पडल्याचा बारीक आवाज झाला. त्यांनी वाकून चाचपून ती शोधली. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला बसवलं. हात पुन्हा पाठीमागे गेले. हात थरथरत होते, कोपरापर्यंत. ते गोळ्यांमुळे, की वर्षभर सुई न धरल्यामुळे, की माझ्यावरच्या रागाने, ते मला आजही माहीत नाही. विचारायचा हक्क मी तेव्हाच घालवला होता.

नात खाऊची बशी घेऊन आली आणि दारातच थबकली. “आजी, काय करतेस?”

“शू,” बाई म्हणाल्या. “आवाज नको. कुणीच आवाज करू नका.”

मी दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले, चपलांसकट, आणि घट्ट धरून बसले.